खोललेलं इंजिन

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो. बहुतेकांची सुरुवात 'माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता' अशी असते आणि शेवटाला लिहिणाऱ्याच्या मनगटात गंडा आलेला असतो. माझा विश्वास तेव्हा नव्हता आणि हे लिहितानाही नाही. अडचण तीच आहे. विश्वास असता तर एव्हाना कुठलं तरी उत्तर मिळालं असतं, आणि मी गप्प बसलो असतो...

मी परभणीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो. सुटीच्या दिवशी खेड्यापाड्यांत अंधश्रद्धेवर भाषणं द्यायचो — तळहातावर कापूर पेटवून दाखव, लिंबातून रक्त काढून दाखव, असं. या कार्यक्रमांचं उद्घाटन नारळ फोडून व्हायचं. एकदा तर अध्यक्ष तासभर उशिरा आले, कारण त्यांच्या जीपला मांजर आडवं गेलं होतं. मी त्यांचे आभार मानले आणि भाषण केलं. सांगायचं कारण एवढंच, की माझी ओळख पटावी.

आता मुद्द्याकडे येतो.

माझे वडील — त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो — चारठाण्याजवळच्या एका गावात, तिथल्या मोठ्या घराण्याचे ड्रायव्हर होते. गावाचं नाव लिहीत नाही. ते घराणं अजून आहे आणि त्यांना आपलं नाव छापून आलेलं फार आवडतं. आम्ही बौद्ध. आमच्यातला माणूस ड्रायव्हर नेमणं ही त्या काळी मोठी सुधारणा होती, आणि मालक ती सुधारणा आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवायचे. अण्णांचा चहाचा कप मात्र वेगळा. तो गाडीच्या डिकीत ठेवलेला असायचा, त्यामुळे सुधारणा जाईल तिथे कपही जायचा.

गाडी लँडमास्टर. दुधाच्या साईच्या रंगाची, गोल पाठीची, स्टीअरिंगला डाव्या बाजूला गिअरचा दांडा. नवीकोरी आली त्या दिवसापासून तिला अण्णांशिवाय कुणी हात लावला नाही. गाव तिला 'लँडमास्तर' म्हणायचं, आणि शाळेतल्या मास्तरपेक्षा तिला मान जास्त होता. माझी धाकटी बहीण शकू लहान असताना, अण्णा गाडी धुवायला लागले की मागच्या सीटवर जाऊन बसायची आणि हुकूम सोडायची, "ड्रायव्हर, चलो हैदराबाद!" अण्णा ओल्या फडक्यानं सलाम ठोकायचे.

शकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ते साल अठ्ठ्याहत्तर.

त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव आमच्या वस्त्या जळाल्या. आमच्या गावात तसं काही झालं नाही. मालकांचे सगळे सालगडी आमच्या वस्तीतले होते आणि शेतात खुरपणी चालू होती. मी तेव्हा परभणीत नोकरीला नुकताच लागलो होतो. बस बंद, रस्ते बंद. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पुढचं सांगतो ते आईकडून ऐकलेलं, आणि आईनं ते मला एकदाच सांगितलं, अण्णा घरात नसताना.

शकू अडली. सुईणीनं हात टेकले. अण्णा वाड्यावर गेले आणि दारात उभे राहिले. मालक बाहेर आले, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "घेऊन जा. पण गाडीला जप."

"गाडीला जप म्हनले," आई सांगत होती. "पोरीला जप न्हाई म्हनले."

जिंतूरकडचा रस्ता बाभळी तोडून अडवलेला होता. अण्णांनी गाडी वळवली. पुन्हा चारठाणा, तिथून देवगाव फाटा, फाट्यावरून डावीकडे सेलूचा रस्ता. सेलूला दवाखाना होता. वाटेत एक ओढा लागतो. तेव्हा त्याच्यावर नुसती फरशी होती, आणि फरशीवरून पाणी चाललं होतं. फार नाही, गुडघाभर. मागून एक ट्रक आला, तो तसाच पाण्यातून निघाला. ट्रकच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढून ओरडून सांगितलं, "माझ्या मागं मागं घ्या!"

अण्णा खाली उतरले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि इंजिनवर तळहात ठेवला.

हे जरा समजावून सांगायला हवं. तापलेलं इंजिन गार पाण्यात घातलं तर लोखंड तडकतं, आणि एकदा ब्लॉक तडकला की इंजिन गेलं. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, ज्यात बाकी सगळं बसतं. जुन्या ड्रायव्हरांची यावर रीत ठरलेली असायची. बॉनेट उघडायचं, हात ठेवायचा, आणि हात सुखानं टेकून राहतो म्हटल्यावरच पाण्यात उतरायचं. अण्णा कधी ही रीत चुकले नव्हते. त्यात आज मालक बजावून बोलले होते. ते हात टेकवून उभे राहिले, इंजिन निवायची वाट बघत. आई आतून हाका मारत होती. अण्णा म्हणत होते, "निवायलंय. निवायलंय."

इंजिन निवलं. तोवर पाणी कमरेच्या वर चढलं होतं.

शकू मागच्या सीटवरच गेली, आईच्या मांडीवर. बाळ पोटातच. गाडीला काही झालं नाही.

त्याच हिवाळ्यात मालकांनी ती गाडी अण्णांना बक्षीस दिली. मांडव घातला, पाहुणे बोलावले, बॉनेटला झेंडूचा हार घातला. मालक हृदयपरिवर्तनावर बोलले. मी मागच्या रांगेत होतो. खरी गोष्ट अशी होती, की ज्या गाडीत बाळंतीण मेली त्या गाडीत बसायला वाड्यातली एकही बाई तयार नव्हती, आणि विकायची तर गिऱ्हाईकालाही ते ठाऊक होतं. एवढ्या साध्या भीतीला एवढा मोठा मांडव मी पुन्हा पाहिला नाही. अण्णांनी वाकून किल्ली घेतली. त्यांनी ती का घेतली, हे मला कितीतरी वर्षं कळलं नाही. मी ती ओढ्यात भिरकावली असती. पण मी इतिहासाचा प्राध्यापक. आम्ही दुसऱ्यानं काय करायला हवं होतं ते सांगण्यात पटाईत.

अण्णा आणि आई माझ्याकडे परभणीत राहायला आले. गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. अण्णांनी बॅटरी काढून टाकली. रोज सकाळी ते गाडी पुसायचे. चालवली कधीच नाही. आम्ही दोघं राजकारणावर बोलायचो, पाऊसपाण्यावर, माझ्या बदलीवर. ओढ्यावर नाही.

आई गेली तेव्हा एकोणीसशे नव्वद साल उजाडलं होतं. त्यानंतर एका सकाळी चहा पिताना अण्णा एकदम म्हणाले, "गाडी नीट करून घेऊ."

"कशाला?"

"सेलूला जाऊन येतो."

"अहो, सेलूला रेल्वे आहे. इथं बसलं की तिथं उतरलं."

"रेल्वेनं न्हाई. त्या वाटंनं."

एवढं एकच त्यांनी माझ्याकडे उभ्या जन्मात मागितलं.

हबीब मिस्त्री कामाला लागला. हा गृहस्थ बोलायला लागला की निजामाच्या रोल्स-रॉइसचं इंजिन त्याच्या आजोबांनीच खोललेलं असायचं. दर वेळी आजोबा नवे असायचे. "सर, फिकर नक्को. नवरी करके दिखाता," असं म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी दरवाजाचं हँडल तोडलं. पण माणूस जीव लावणारा. अण्णा स्टुलावर बसून सूचना करायचे, हबीब त्या ऐकायचा नाही, आणि दोघांची भांडणं ऐकायला गल्ली जमायची. पत्रा घासला, गंज काढला, पुढच्या सीटवर नवीन रेक्झिन चढवलं. मागचं सीट मात्र अण्णांनी काढू दिलं नाही.

"चाचा, डाग पडेला है. कित्ता खराब दिखता."

"दिसू दे."

"मेमसाब लोग बैठेंगे ना."

"कुनी बसनार न्हाई त्याच्यावर. तू तुजं काम कर."

मग इंजिन खोललं. हबीबनं ब्लॉकची सगळी तोंडं बंद करून आत पाणी भरलं आणि रात्रभर ठेवलं — कुठे बारीक चीर असेल तर पाणी पाझरतं. सकाळी अण्णांनी स्वतः सगळीकडून बोट फिरवून पाहिलं. कोरडा खडखडीत. "ब्लॉक लाखात एक हाय," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की मी दुसरीकडे बघायला लागलो.

ब्लॉक नांदेडला एका वर्कशॉपमध्ये बोअर करून, म्हणजे पिस्टनची भोकं आतून कातून आणला आणि शेडमध्ये दोन जुन्या टायरांवर ठेवला. पिस्टन एका घमेल्यात, पिस्टनला जोडलेला क्रँकचा झिजलेला दांडा दुसरीकडे, ब्लॉकवर बसणारं हेड अजून नांदेडलाच. आणि त्याच आठवड्यात अण्णांना लकवा मारला.

उजवी बाजू पूर्ण गेली. वाचाही जवळजवळ गेली. एखादा शब्द यायचा, तोही अर्धा. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, सुधारणा होईलसं वाटत नाही, जपा. मी हबीबला सांगितलं, काम थांबवायचं नाही. गाडी उभी राहिली की अण्णांना आडवं घालून का होईना, सेलूला न्यायचं. माझ्या डोक्यात तेव्हा दुसरं काही नव्हतं. हबीब रोज म्हणायचा, हैदराबादहून सामान येतंय, आलंच. ते हैदराबादहून पायी निघालं असावं.

याच काळात आमच्या गल्लीतल्या जयंती समितीचे अध्यक्ष अण्णांची विचारपूस करायला आले. गांभीर्यानं दोन मिनिटं बसले आणि मग म्हणाले, "सर, मिरवणुकीला गाडी मिळाली तर शोभा येईल. निळा रंग मारून घेतला तर अजूनच." मी म्हणालो, गाडीला इंजिन नाही. ते म्हणाले, "ढकलू की. पोरं लय हायेत." आमच्या चळवळीचं इतकं अचूक वर्णन मी कुठल्या संशोधनात वाचलं नाही.

डिसेंबरातली गोष्ट. मी दुपारी कॉलेजातून घरी आलो तर हबीब शेडच्या दारात उभा.

"सर, जरा हात लगाव."

"कशाला?"

"इंजिन को. बुखार है उसकू."

मी हसत आत गेलो आणि ब्लॉकवर हात ठेवला. तो गरम होता. उन्हात तापलेल्या लोखंडाचा चटका वेगळा असतो, तो वरवरचा असतो. हा आतून येत होता, लांबून चालून आलेल्या इंजिनासारखा. आणि आत तर काही नव्हतं. पिस्टन नाहीत, क्रँक नाही, तेलाचा थेंब नाही. चार भोकं आरपार दिसत होती.

मी जे करायला हवं तेच केलं. ऊन म्हणावं तर शेड उत्तरेला, शिवाय थंडीचे दिवस. तरी आम्ही ब्लॉक उचलून घराच्या मागच्या खोलीत फरशीवर ठेवला. शेजारी गिअरबॉक्सचं लोखंडी कवच ठेवलं, तेवढ्याच वजनाचं. दुसऱ्या दिवशी दुपारी कवच गार, ब्लॉक गरम. घरातला तापाचा थर्मामीटर लावला, त्यातला पारा टोकापर्यंत गेला. हबीबनं आपल्या आजोबांच्या काळातली तीन कारणं सांगितली. मी कॉलेजातल्या फिजिक्सच्या सहकाऱ्यांना विचारलं. त्यांनी एक समीकरण लिहिलं, खोडलं, आणि मला विश्रांती घ्यायला सांगितलं.

सकाळी ब्लॉक गार असायचा. दुपारचं जेवण झालं की तापायचा, आणि मग निवत निवत जायचा. रोज.

उलगडा, म्हणजे जो काही झाला तो, माझ्या बायकोनं केला. सुजाता दुपारी अण्णांपाशी बसायची. एक दिवस तिनं मला दारातूनच खूण करून बोलावलं.

"अहो, हळू या. बघा जरा."

"काय झालं?"

"अण्णा गाडी चालवायलेत."

मी पाहिलं. अण्णा उशीला टेकून बसले होते, डोळे उघडे, पण नजर आमच्यावर नाही, पुढे कुठेतरी. डावा हात छातीसमोर यायचा आणि गिअर टाकायचा — वर, खाली, स्वतःकडे ओढून वर. त्याच वेळी पांघरुणाखाली डावा पाय दाबला जायचा. क्लच. उजवा हात, उजवा पाय लाकडासारखे पडून. ॲक्सिलरेटरचा पायच मेलेला होता. मग गाडी पुढे कशी जात होती, असं मला विचारू नका. मी फक्त पाहिलेलं सांगतोय.

"चार...ठाना," ते पुटपुटले. बऱ्याच वेळानं, "फाटा." अंग डावीकडे कललं. सुजातानं माझा हात धरला. पुन्हा गिअर, पुन्हा क्लच. मग एकाएकी सगळं थांबलं. "वढा," ते म्हणाले, आणि गिअरवरचा हात सोडून त्यांनी तळहात उघडा करून पुढे धरला. हवेतच, पण असा, की तो कशावर तरी टेकलाय हे दिसत होतं. तो हात कितीतरी वेळ तसाच राहिला. गालावरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचा हात त्यांनी कामाला लावला होता.

मी मागच्या खोलीत गेलो. ब्लॉक गरम होता, आणि माझ्या हाताखाली निवत चालला होता. पूर्ण गार झाला तेव्हा सुजाता दारात आली. "झोपले," ती म्हणाली. "हात आत्ताच खाली आला."

पुढचे सगळे दिवस तेच. चारठाणा, फाटा, ओढा. ओढ्याच्या पुढे ते कधीच गेले नाहीत. ब्लॉक निवेपर्यंत हात टेकून उभे राहायचे, निवला की संपायचं. मी खूप वाचलेला माणूस आहे. आजारी मेंदू जुनी घटना पुन्हा पुन्हा कशी जगतो, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. अण्णांचं मला कळत होतं. लोखंडाचं कळत नव्हतं.

आणि अण्णा उतरत चालले होते. खाणं सुटलं. डॉक्टर म्हणाले, जवळच्या माणसांना कळवून ठेवा. हबीबला विचारलं तर त्यानं पहिल्यांदाच खरं सांगितलं, "सर, नया क्रँक मिलताच नै. कबका बोल देता, मगर चाचाका मुँह देखके..." म्हणजे गाडी होणार नव्हती. अण्णा सेलूला जाणार नव्हते. रोज ओढ्याच्या अलीकडे उभे राहून राहून ते एक दिवस तिथेच संपणार होते, आणि ते बघण्याशिवाय मला काही काम नव्हतं.

तो रविवार होता. हबीब सवयीनं आला होता, मागच्या खोलीत सामान आवरत बसला होता. जेवणवेळ टळली आणि अण्णांचा हात गिअरवर आला. मी खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसलो. का बसलो, सांगता येणार नाही. चारठाणा गेलं. फाटा आला. ते डावीकडे कलले.

"वढा," अण्णा म्हणाले, आणि हात गिअरवरून सुटायला लागला.

"थांबू नका अण्णा," मी म्हणालो. "घाला पान्यात."

त्यांचा हात अधांतरी थांबला. लकवा मारल्यापासून त्यांनी माझं एकही वाक्य ऐकल्यासारखं दाखवलं नव्हतं. हे ऐकलं. ओठ हलले. "माल...काची..."

"मालकाची न्हाई. तुमची हाय गाडी. फुटू द्या इंजिन. आपुन बगू. घाला तुमी."

मी असा बोलत होतो, गावाकडचा, जसा कितीतरी वर्षांत बोललो नव्हतो. आणि मी पांघरूण सारलं, त्यांचा उजवा पाय — गार, हलका, मेलेला — दोन्ही हातांत धरला आणि खाली दाबला. इतिहासाचा प्राध्यापक, अंधश्रद्धेचा वैरी, बापाचा पाय धरून ॲक्सिलरेटर देत होता.

अण्णांनी गिअर टाकला. पहिला.

डावा पाय हळूहळू वर आला, तसा मी उजवा अजून दाबला. त्यांचा श्वास मोठा व्हायला लागला. दात आवळलेले, मानेच्या शिरा ताठ. "धर," ते म्हणाले. मला नाही. मान किंचित मागे वळवून म्हणाले, "घट धर." मागे भिंत होती. सुजाता तोंडात पदर धरून रडत होती. आतून हबीब ओरडला, "सर! सर, इधर आव! जलता है ये!" कुणीच उठलं नाही. मी दाब सैल केला... आणि पाय वर आला नाही. तो दाबलेलाच राहिला. त्याला स्नायू आखडणं म्हणतात, मला माहीत आहे.

मग आत लोखंडाचा एक आवाज झाला. मोठा नाही. टण्ण. एकदाच.

अण्णांनी दुसरा गिअर टाकला. तिसरा. चेहरा मोकळा झाला, ओल्या रस्त्यावर गाडी सुटली की ड्रायव्हरचा होतो तसा. थोड्या वेळानं त्यांनी क्लच दाबला, हात खाली आणला. गाडी उभी राहिली होती.

"शकू," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी हे नाव घेतलं नव्हतं. "आला दवाखाना. उतर बाई."

ते वाट बघत राहिले. म्हणजे तिला उतरायला जेवढा वेळ लागला असता, तेवढी. मग डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला अण्णा गेले. रात्रभर शांत होते. हात एकदाही गिअरवर आला नाही.

हबीबचं म्हणणं असं, की त्या दुपारी ब्लॉक इतका तापला की वरच्या ग्रीसचा धूर निघाला. त्यानं बोट लावलं त्याचा फोड मी पाहिला. मग तो आवाज झाला आणि ब्लॉक एकदम गार पडला, निवत निवत नाही, एकदम. मी त्याला खोदून खोदून विचारलं, तू पाणी ओतलंस का? तो रागावला. खोलीत पाणी नव्हतं, फरशी कोरडी होती, हे मी स्वतः त्याच संध्याकाळी पाहिलं होतं. हबीब खोटं बोलतो, पण स्वतःचा मोठेपणा वाढवायला. या खोट्यानं तो वाढत नव्हता.

सगळे विधी उरकल्यावर त्यानं ब्लॉकची तोंडं बंद करून पुन्हा पाणी भरलं. आम्ही दोघं शेजारी बसून राहिलो. थोड्या वेळानं एका बाजूला, वरून खालपर्यंत, केसाएवढी बारीक ओली रेघ उमटली.

त्यानंतर ब्लॉक कधी गरम झाला नाही. मी बरेच दिवस दुपारी जाऊन हात लावून बघत असे. गार. निव्वळ लोखंड. अण्णांसारखाच.

कारणं मी शोधली. ओतकामात मुळातच दोष असू शकतो. बोअर करताना ताण आला असेल. जुनं लोखंड कधी कधी आपोआपही तडकतं म्हणतात. यातलं कुठलंही कारण मला मान्य आहे. मात्र रिकामं लोखंड रोज दुपारी का तापत होतं, ते यातल्या एकालाही सांगता येत नाही. मलाही येत नाही. नामविस्तार झाला, मिरवणुका निघाल्या, माझ्या कॉलेजातून कितीतरी मुलं शिकून गेली. मी अजूनही अंधश्रद्धेवर बोलतो. फक्त हा अनुभव भाषणात सांगत नाही.

ब्लॉक जोडून मिळतो का विचारायला मी तो एकदा नांदेडला घेऊन गेलो. गाडी करायची म्हणून नाही. हबीबचं समाधान व्हावं म्हणून. वर्कशॉपच्या मालकानं ती चीर उजेडात धरून पाहिली, नखानं चाचपली.

"जोडून काय होनार न्हाई सर," तो म्हणाला. "तापल्या इंजिनावर गार पानी आलं की अशीच फाट जाती. भरल्या वढ्यात घातली व्हती का गाडी?"

"हो," मी म्हणालो.

"एवढी घाई कशाची व्हती?"

"बहीण अडली होती. दवाखान्यात न्यायची होती."

त्यानं मान हलवली, ब्लॉक खाली ठेवला आणि फडक्याला हात पुसत विचारलं, "मग... निघाली का पलीकडं?"

"निघाली," मी म्हणालो.